दहा खेळ, प्रत्येकी दहा डाव: एका वर्षाची हकीकत

डिसेंबर संपत आला की बोर्डगेम खेळणारी मंडळी एकमेकांना विचारू लागतात, ‘यंदा टेन बाय टेन करणार का?’ दहा खेळ निवडायचे आणि 1 जानेवारी ते 31 डिसेंबर या काळात प्रत्येक खेळ दहा वेळा खेळायचा. एवढंच. बक्षीस नाही, प्रमाणपत्र नाही, अर्धवट सोडलं तर कोणी विचारायला येत नाही. बोर्डगेमगीक या संकेतस्थळावर जगभरचे लोक वर्षाच्या सुरुवातीला आपापली यादी जाहीर करतात आणि डाव होतील तशी नोंद करत जातात. मी हे 2025 मध्ये पहिल्यांदा केलं. राहायला नाशिक, नोकरी सातपूरच्या एका कारखान्यात हिशेब विभागात, घरात दहावीची परीक्षा. तरी जमलं. कसं जमलं, पैसे कुठे गेले, कंटाळा कधी आला, हे सगळं ताजं आहे तोवर लिहून ठेवते.

आधी गणित. शंभर डाव ऐकायला प्रचंड वाटतात. पण एका डावाला सरासरी पाऊण तास धरला तर वर्षाचे 75 तास होतात, म्हणजे आठवड्याला साधारण दीड तास. आपण मोबाइलवर घालवतो त्यापुढे हे काहीच नाही. वेळ अडचणीचा नसतोच. त्या दीड तासात तीन-चार माणसं एका जागी, भरल्या पोटी आणि भांडण न झालेली मिळणं, ही खरी अडचण.

याचे दोन प्रकार आहेत. सोप्या प्रकारात यादी वर्षभर बदलत राहिली तरी चालते. शेवटी कोणतेही दहा खेळ दहा-दहा वेळा झाले की झालं. कठीण प्रकारात दहाही नावं सुरुवातीलाच ठरवायची आणि त्यांनाच चिकटून राहायचं. मी कठीण घेतला, कारण माझा आजार मला माहीत होता. नवा खेळ आला की दोनदा खेळायचा, वा वा करायचं आणि कपाटात ठेवायचा. शास्त्रज्ञांचं काम मोजायला 2005 मध्ये हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने ‘एच-इंडेक्स’ काढला. खेळणाऱ्यांनी तो उचलला. दहा खेळ किमान दहा वेळा खेळले असतील तर तुमचा आकडा दहा. वर्षानुवर्षं खेळ विकत घेऊन माझा आकडा चारवर अडकला होता.

यादी करताना मी एक गोष्ट केली, ती सगळ्यांना सुचवेन: आधी माणसांची यादी केली, मग खेळांची. नवरा, पण तो आठवड्यातले तीन दिवस पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जातो आणि रात्री दमून येतो. मुलगी, पण तिची परीक्षा 17 मार्चपर्यंत. सासूबाई, ज्यांना आम्ही सगळे आई म्हणतो. वय बहात्तर, इंग्रजी वाचता येत नाही, पण मेंढीकोटमध्ये कोणाकडे कोणती दहेली उरली आहे हे त्या डोळे मिटून सांगतात. आणि वरच्या मजल्यावरचे निवृत्त काका, ज्यांचा रविवार नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघण्यात जातो. या चौघांसमोर जर्मन शेतीचे तीन-तीन तासांचे खेळ मांडून उपयोग नव्हता. मग यादी अशी झाली: दोघांसाठी हाइव्ह आणि पॅचवर्क, तिघा-चौघांसाठी अझूल, स्प्लेंडर, कार्कासोन, कॅटन आणि विंगस्पॅन, पत्तेवाल्यांसाठी द क्रू, पाहुणे आले की कोडनेम्स, आणि दहावा, ‘तिकीट टू राइड’चा भारताचा नकाशा. हा शेवटचा माझ्याकडे नव्हताच. 2011 मध्ये निघालेल्या या जोडनकाशाच्या एका बाजूला भारत आहे, दुसऱ्या बाजूला स्वित्झर्लंड. मूळ खेळातले आगगाडीचे डबे त्याला लागतात, ते घरी होते. नकाशा मला इथे कुठल्याच दुकानात मिळाला नाही, म्हणून डिसेंबरमध्येच युरोपातल्या एका दुकानातून मागवला.

जानेवारीत पार्सल आलं नाही, कुरिअर कंपनीची मेल आली. ग्राहक ओळख पडताळणीसाठी आधार द्या. दिलं. आधारवर जुन्या घराचा पत्ता, पार्सलवर नव्या. म्हणून वीजबिल मागितलं. वीजबिल सासऱ्यांच्या नावावर. मग गॅसचं बिल दिलं, ते चाललं. त्यानंतर पैसे भरल्याचा पुरावा, कारण बीजक युरोमध्ये होतं. कार्डाच्या विवरणपत्रातली ती एक ओळ सोडून बाकी झाकून पाठवलं. मग ‘वस्तू कशासाठी’ याचं निवेदन: एक प्रत, स्वतःच्या वापरासाठी. प्रत्येक उत्तरानंतर आठवडा शांततेत जायचा. शेवटी सीमाशुल्क आणि जीएसटीचा आकडा आला. खेळ, टपाल आणि कर मिळून साडेनऊ हजारांच्या घरात गेलं, आणि त्यातला खेळ स्वतः निम्म्याहूनही कमी किमतीचा. नवऱ्याने आकडा वाचला आणि काही न बोलता चहा टाकायला गेला.

परदेशातून मागवणार असाल तर आधारवरचा पत्ता आधी बदलून घ्या, दुकानाचं बीजक आणि पैसे भरल्याचा कागद एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि मित्रांसाठी म्हणून चार प्रती एकत्र मागवू नका. 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. त्या भानगडीत आपल्यासारख्यांनी शिरू नये. तिकडून कोणी सुट्टीला येणार असेल तर त्याच्या बॅगेतल्या जागेसाठी गोड बोलणं सगळ्यांत स्वस्त.

तोवर घरात दहावी होती, म्हणून जानेवारी ते मार्च दोघांचेच खेळ चालले. हाइव्हला पट नसतो. प्रत्येकाला अकरा जाडजूड षटकोनी सोंगट्या: एक राणीमाशी, दोन कोळी, दोन भुंगे, तीन नाकतोडे, तीन मुंग्या. राणी चौथ्या खेळीपर्यंत मांडावीच लागते आणि समोरच्याची राणी सहाही बाजूंनी वेढली की डाव संपला. वाऱ्याने उडत नाही, चहा सांडला तर पुसता येतो. एका शनिवारी मलाही मुंबईत काम होतं, तेव्हा पंचवटीत मांडीवर बॅग आडवी ठेवून आम्ही खेळलो. इगतपुरी येईपर्यंत पलीकडचे पासवाले गृहस्थ नवऱ्याला ‘मुंगी काढा, मुंगी’ म्हणून सांगू लागले होते.

पॅचवर्क मी आईंबरोबर खेळले. कापडाचे वेगवेगळ्या आकारांचे तुकडे बटणं देऊन विकत घ्यायचे आणि नऊ बाय नऊच्या पटावर बसवायचे. रिकाम्या राहिलेल्या प्रत्येक चौकोनाला दोन गुण वजा. आईंनी आयुष्यात कितीतरी गोधड्या शिवल्या आहेत. पहिल्या डावात त्या आकारांवर नाराज होत्या, ‘असला वेडावाकडा तुकडा कोण घेईल?’ म्हणून. तिसऱ्या-चौथ्या डावापासून त्या माझ्याकडे बटणं किती आहेत ते आधी मोजायच्या आणि मला हवा असलेला तुकडा मला परवडायच्या आत उचलायच्या. पुढे मी त्यांच्याशी क्वचितच जिंकले.

17 मार्चला परीक्षा संपली आणि मुलगी तडक टेबलाशी आली. एप्रिल आणि मे हे आमचे सगळ्यांत भरघोस महिने. निकाल 13 मेला लागला. त्यातच अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच सगळ्या राज्यात ऑनलाइन आणि एकत्रित झाले, ते लांबतच गेले. घरात त्यावरून चिडचिड होती, पण मुलगी रिकामी असल्यामुळे अझूल आणि स्प्लेंडर सपाट्याने पुढे सरकले.

दहा वेळा खेळल्याने नेमकं काय होतं, ते मला अझूलने दाखवलं. या खेळात मधल्या थाळ्यांवर रंगीत फरश्या असतात. एका थाळीतल्या एका रंगाच्या सगळ्या उचलायच्या, उरलेल्या मध्यभागी सरकवायच्या आणि उचललेल्या आपल्या भिंतीवर लावायच्या. जागा नसेल तर जास्तीच्या फरश्या फुटल्या समजायच्या आणि गुण वजा: पहिल्या दोन फरश्यांना एक-एक, पुढच्या तीन फरश्यांना दोन-दोन, मग तीन-तीन. पहिले काही डाव आम्ही तिघंही मान खाली घालून आपापली भिंत सजवत होतो. पाचव्या-सहाव्या डावाच्या सुमारास मुलीने एक लाल फरशी घेतली, जी तिला नकोच होती. का घेतली ते दोन खेळ्यांनी कळलं: मध्यभागी निळ्यांचा ढीग उरला, तो मलाच घ्यावा लागला आणि एका फेरीत चौदा गुण गेले. त्या दिवसापासून अझूल आमच्यासाठी वेगळाच खेळ झाला. दुसऱ्या डावानंतर मी तो ‘छान, शांत खेळ’ म्हणून कपाटात ठेवला असता. शांत कसला!

स्प्लेंडरचं उलट झालं. तिथे सातव्या-आठव्या डावानंतर नवीन काही सापडेना. पंधरा गुणांपर्यंत पोचायची शर्यत, स्वस्त पत्ते गोळा करत बसण्यापेक्षा मधल्या थरातला एखादा चांगला पत्ता राखून ठेवायचा, एवढं कळल्यावर आम्ही तिघंही तसंच खेळू लागलो. शेवटचे दोन डाव निव्वळ नोंदीसाठी झाले. खेळ वाईट नाही, नवख्यांना शिकवायला अजूनही तोच काढते. पण आमच्या घरापुरता त्याचा तळ लागला.

भारताचा नकाशा मार्चअखेरीस आला होता, तो एप्रिलमध्ये उघडला. गाव ते गाव तिकिटं पुरी करायची, आणि एखाद्या तिकिटाची दोन्ही गावं दोन वेगळ्या मार्गांनी जोडली तर वरती बक्षिसाचे गुण. काकांची सगळी नोकरी रेल्वेत झाली, त्यामुळे ‘असा मार्ग नव्हताच’ हे वाक्य प्रत्येक डावात ऐकावं लागलं. साडेनऊ हजार वसूल झाले का? काकांच्या त्या वाक्यांसकट धरले तर झाले.

उन्हाळ्यातल्या एक-दोन व्यावहारिक गोष्टी. पंखा दोनवर ठेवला तरी पत्ते उडतात. टेबलावर जाड सुती चादर घाला, पत्ते घसरत नाहीत आणि उचलायलाही सोपे जातात. पाऊस त्या वर्षी मे महिन्यातच सुरू झाला आणि आमच्या विंगस्पॅनचे पत्ते पापडासारखे वाकू लागले. त्यावर स्लीव्ह म्हणजे पारदर्शक पाकिटं घालायची. पाकिटाचं माप मिलिमीटरमध्ये बघूनच मागवा. विंगस्पॅनला 57 बाय 87 लागतं आणि मूळ खेळातच पक्ष्यांचे 170 पत्ते आहेत, म्हणजे शंभर-शंभरचे दोन गठ्ठे. मला एका गठ्ठ्याला दोनशेच्या आसपास पडले. खोक्यात औषधांच्या बाटल्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकते, त्या फुकट असतात.

जून-जुलैत गाडी अडली. मुलीचं कॉलेज सुरू होण्याची वाट बघणं, माझ्याकडे लेखापरीक्षण, आईंचा गुडघा. आकडा निम्म्याच्या खूप मागे आणि मला तो रात्री झोपताना दिसू लागला. एका रात्री साडेदहाला मी नवऱ्याला म्हटलं, ‘चल ना, एक कार्कासोन, पटकन.’ तो म्हणाला, ‘तुला खेळायचंय की नोंदवायचंय?’ प्रश्न रास्त होता. मग आम्ही दोन नियम केले. रात्री दहानंतर डाव मांडायचा नाही. आणि एका दिवशी एकच खेळ सलग तिसऱ्यांदा काढायचा नाही, समोरचा कितीही तयार असला तरी. त्याने वेग कमी झाला, पण खेळणं परत आवडू लागलं.

काय मोजायचं, हेही तेव्हाच ठरवून टाकलं. बोर्ड गेम अरेनावर ऑनलाइन खेळलेले डाव बरेच जण धरतात. मी धरले नाहीत. नियम शिकायला मात्र ती जागा उत्तम. सगळ्यात वाद द क्रूवर. त्यात पन्नास मोहिमा आहेत आणि एकेक मोहीम पाच मिनिटांतही संपते. प्रत्येक मोहीम एक डाव धरली तर एका संध्याकाळी दहा पूर्ण! आम्ही ठरवलं, एका बैठकीत निदान चार मोहिमा झाल्या तर एक डाव. तुम्ही तुमचं ठरवा, पण जानेवारीत ठरवा. डिसेंबरमध्ये ठरवलं की माणूस स्वतःला सवलती देऊ लागतो.

द क्रू हा आमच्या घरातला वर्षाचा खेळ. चार रंगांचे एक ते नऊ असे पत्ते, शिवाय चार रॉकेटं, जी कायमची हुकूम. रंगाला रंग द्यायचा, नसेल तर कापायचं. आईंना नियम सांगायला दोन मिनिटं लागली. फरक इतकाच, की यात सगळे एकाच बाजूला असतात आणि बोलायचं नाही. ठरलेला पत्ता ठरलेल्या माणसाच्याच हातात गेला पाहिजे, आणि सांगायची मुभा काय, तर एक पत्ता उघडा ठेवून ‘हा माझा त्या रंगातला सर्वांत मोठा’, ‘सर्वांत लहान’ किंवा ‘एकमेव’ एवढंच. आईंना हे मान्यच नव्हतं. साठ वर्षांचा मेंढीकोटचा सराव. त्या भुवई उचलायच्या, खोकायच्या, पदर सारखा करायच्या. काका प्रामाणिक, ते प्रत्येक वेळी ‘वहिनी, खूण केलीत’ म्हणून मोहीम रद्द करायला लावायचे. ऑगस्टपर्यंत आई खरंच न बोलता खेळू लागल्या, आणि मग आम्ही अडकलेल्या मोहिमा एकामागून एक सुटत गेल्या. कोणी काय टाकलं नाही यावरून त्या हात ओळखायच्या.

गणपतीत, 27 ऑगस्टपासून, घरात माणसंच माणसं. कोडनेम्ससाठी हीच वेळ. पंचवीस शब्द मांडायचे, दोन गट. प्रत्येक गटाच्या म्होरक्याने एक शब्द आणि एक आकडा सांगायचा, त्यावरून गटाने आपले शब्द ओळखायचे. एक शब्द काळा असतो. त्यावर बोट ठेवलं की डाव तिथेच हरला. मूळ खोक्यातले शब्द इंग्रजी, त्यामुळे अर्धं घर बाहेर बसायचं. म्हणून मुलीने आणि मी जुन्या लग्नपत्रिका कापून मागच्या कोऱ्या बाजूवर मराठी शब्द लिहिले. जितके अर्थ जास्त तितका शब्द चांगला: पान, माळ, तार, वार, सूर, पाट, घाट, चाल. एका डावात काकांनी ‘गोदावरी, दोन’ अशी खूण दिली. त्यांच्या मनात घाट आणि पात्र. आमच्या नाशिककर गटाने एकमताने पूर वर बोट ठेवलं, आणि पूर काळा होता. हे मराठी पत्ते बनवायला एक संध्याकाळ आणि एक स्केचपेन लागतं. जरूर करा.

नवीन खेळ घ्यायचे असतील तर एक बरी बातमी: 22 सप्टेंबर 2025 पासून पत्ते, कॅरम, बुद्धिबळ आणि इतर बोर्डगेमवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला. मी मात्र वर्षभर नवं काही घ्यायचं नाही असं ठरवलं होतं आणि पाळलंही, हा या आव्हानाचा खिशाला झालेला फायदा. नकाशा, स्लीव्ह आणि एक लांब वही सोडली तर खर्च फक्त चकलीचा. वहीत तारीख, खेळ, भिडू, गुण, मिनिटं असे रकाने; नोंद त्याच रात्री. दोन दिवसांनी लिहायला बसलं की कोण जिंकलं यावर घरात दोन मतं असतात.

दिवाळीपर्यंत कॅटन सगळ्यांत मागे होता, कारण त्याला तीन-चार जण आणि दीड तास लागतो, आणि फासे आहेत. दोन फाशांवर सहा किंवा आठ पडण्याची शक्यता प्रत्येकी छत्तीसात पाच, सातची छत्तीसात सहा. हे सगळ्यांना पाठ असतं आणि तरी ज्याच्या सहाच्या शेतावर फासा पडत नाही तो रुसतो. पाडवा-भाऊबीजेला, 22 आणि 23 ऑक्टोबरला, नणंद आणि भाचे आले, आणि दोन दिवस कॅटनमधल्या मेंढ्या आणि विटांच्या देवघेवीचा बाजार भरला. भाच्याने ‘एका विटेला दोन मेंढ्या’ म्हटल्यावर आईंनी बाहेरून, न खेळता, ‘एक दे, दुसरी उधार’ असा सल्ला दिला. तो चालला. मोठा कुटुंबकबिला असेल तर मोठ्या खेळांचे डाव सणांवर टाकून ठेवा. एरवी ते होत नाहीत.

नोव्हेंबर-डिसेंबर विंगस्पॅनचे. खेळ मोठा, पण रचना छान आहे: पहिल्या फेरीत आठ खेळ्या, मग सात, सहा, पाच, म्हणजे एकूण 26. सुरुवातीला भरपूर वेळ आहे असं वाटतं आणि मांडलेल्या पक्ष्यांचं यंत्र सुरू होतं तेव्हा खेळ्या संपत आलेल्या असतात. काका पक्ष्यांची नावं वाचण्यातच रमायचे आणि शेवटच्या फेरीत अंडी घालून घालून जिंकायचे. आठव्या डावाला आम्ही त्यांची अंडी रोखायला शिकलो, तर त्यांनी दुसरीच चाल काढली.

शंभरावा डाव 28 डिसेंबरला झाला, कार्कासोनचा. मुलगी जिंकली, शेतांवरच्या गुणांवर. शेताला लागून पूर्ण झालेल्या प्रत्येक शहराचे तीन गुण मिळतात हे मी शेवटच्या मोजणीपर्यंत धरतच नाही. नवऱ्याने विचारलं, ‘आता?’ मी वही मिटवली आणि आम्ही जेवायला बसलो.

2026 साठी मी यादी छोटी केली आहे: सहा खेळ, सहा-सहा डाव. अझूल, द क्रू आणि विंगस्पॅन राहिले. स्प्लेंडर भाच्यांना दिला. एक दोघांचा खेळ अजून ठरायचा आहे, एक मुलीच्या पसंतीचा. सहावी जागा आईंनी मागून घेतली, चल्लस आठ या चिंचोक्यांच्या जुन्या खेळासाठी. चिंचोके फोडून झाले आहेत, पट फरशीवर खडूने काढायचा की कापडावर शिवायचा यावर अजून चर्चा चालू आहे.